चहा कुणाचा सांडला? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की कुचाळक्यांसाठी आपल्याकडे जेवढे शब्द आहेत तेवढेच इंग्रजीतही आहेत, कुठे अडलं असेल तर विचारा. चूक झाली बहुतेक, कारण एवढी पत्रं नि मेल आलेत की व्याकरणाचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. कर्मणी प्रयोगाबद्दल विचारणाऱ्या काकांनी राग मानू नये, तुमचं पत्र जपून ठेवलंय.

पुण्याहून एक वाचक लिहितात: ताई, आमची टीम अर्धी इथे, अर्धी अमेरिकेत. परवा ग्रुपवर मी सहज लिहिलं की आपल्या मॅनेजरने पेपर टाकलाय, म्हणजे राजीनामा दिलाय, असं ऐकलं. लगेच तिकडच्या एका मुलीचा मेसेज, 'ओएमजी, स्पिल द टी!' मला वाटलं बिचारीचा चहा सांडला, म्हणून मी विचारलं लॅपटॉप ठीक आहे ना. आता आठवडा झाला, रोज कुणी ना कुणी मला चहाच्या कपाचं चित्र पाठवतंय. हा काय प्रकार आहे?

अहो, तुम्ही विचारपूस केलीत हे चांगलंच झालं, ती मुलगी जन्मभर विसरणार नाही. 'टी' म्हणजे इथे आतली बातमी, आणि 'स्पिल द टी' म्हणजे 'सांग ना काय झालं', किंवा आपण जवळच्या मैत्रिणीला म्हणतो तसं 'ओक पटकन'. म्हणजे तिचं काही सांडलेलं नव्हतं, ती तुम्हालाच सांडायला सांगत होती.

आता हा चहा आला कुठून. सगळ्यांना वाटतं की बायका चहा पीत बसतात नि गप्पा छाटतात, त्यावरून. पण या शब्दाचा माग काढला तर तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ड्रॅग कलाकारांच्या बोलीत सापडतो, म्हणजे स्त्रीवेशात स्टेजवर काम करणाऱ्या मंडळींच्या, आणि तिथे हा चहा नव्हताच, नुसतं इंग्रजी अक्षर 'टी' होतं, 'ट्रुथ'चं पहिलं अक्षर. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरातली लेडी शाब्ली नावाची कलाकार होती, तिच्या तोंडी हा 'टी' १९९४ मध्ये छापून आलेल्या एका पुस्तकात सापडतो, आणि तिथे तिने त्याचा अर्थही दिलाय, की माझा 'टी' म्हणजे माझी गोष्ट, माझा मामला, माझ्या आयुष्यात जे चाललंय ते. म्हणजे सुरुवातीला ती दुसऱ्याची चहाडी नव्हती, स्वतःचं गुपित होतं. मग अक्षराचा उच्चार चहासारखाच असल्यामुळे हळूहळू लिहितानाही चहा झाला, मग तो गरम झाला, मग सांडायला लागला. २०१४ मध्ये कर्मिट नावाचा हिरवा बाहुला-बेडूक चहाचा घोट घेतोय असं एक चित्र इंटरनेटवर तुफान फिरलं, 'मला काय त्याचं' अशा अर्थाच्या ओळीसकट, आणि तिथून हा चहा घराघरात पोचला. तुम्हाला कुणी बेडूक पाठवला तर तोही चहाच समजा.

गंमत अशी की चहा आणि चहाड्या यांची सोयरीक इंग्रजीत फार जुनी आहे, ती वेगळ्या वाटेने. लंडनच्या गल्लीबोळातल्या शब्दांचा एक कोश आहे, फ्रान्सिस ग्रोज नावाच्या गृहस्थांनी जमवलेला, त्याच्या १८११ च्या आवृत्तीत चहाला 'स्कँडल ब्रॉथ' आणि 'चॅटर ब्रॉथ' असे शब्द दिलेत. म्हणजे भानगडींचं सूप! या दोन चहांचा एकमेकांशी संबंध नाही, पण वाचल्यावर मला हसू आवरेना.

आणखी एक, कारण हे दोन हमखास एकमेकांत मिसळतात. 'स्पिल द बीन्स' वेगळं. तिथे गुपित फुटतं, जे फुटायला नको होतं, म्हणजे आपलं 'बिंग फुटणं' किंवा 'भांडं फुटणं'. मित्राच्या सरप्राइज बर्थडेचा बेत तुम्ही त्यालाच सांगून बसलात तर तुम्ही बीन्स सांडल्या, चहा नाही. चहा माणसांबद्दल असतो आणि त्यात थोडी चव असावी लागते. मॅनेजरने पेपर टाकला ही नुसती बातमी झाली. का टाकला, कुणाशी वाजलं, आणि शेवटच्या मीटिंगमध्ये कोण रडलं, हा झाला चहा.

सांगलीहून एक विद्यार्थिनी: मी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावलाय. सरांनी छंद विचारले, मी म्हटलं 'आय लाइक गॉसिपिंग विथ माय फ्रेंड्स.' पाठीमागची मुलं खोखो हसली. पण गप्पा म्हणजे गॉसिपच ना? मला तर लहानपणापासून असंच माहितीये.

तुझ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण ही चूक तुझ्या एकटीची नाही, अख्ख्या महाराष्ट्राची आहे. मी स्वतः कॉलेजात असताना एका मुलाखतीत हेच वाक्य बोलले होते, आणि समोरच्या बाई गालातल्या गालात हसून म्हणाल्या, 'अबाउट हूम?' म्हणजे कुणाबद्दल? मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, कुणाबद्दल नाही, असंच!

त्या 'कुणाबद्दल'मध्येच सगळं आलं बघ. आपल्या गप्पांना विषय लागत नाही. पावसाच्या, क्रिकेटच्या, आज डब्यात काय आणलंस याच्या, कशाच्याही गप्पा होतात. गॉसिपला मात्र माणूस लागतो, आणि तो तिथे हजर नसावा लागतो. तो दारात येऊन उभा राहिला की गॉसिप थांबतं, गप्पा थांबत नाहीत. त्यामुळे 'आम्ही गप्पा मारत होतो' याला साधं 'वी वेअर चॅटिंग' म्हण. खूप दिवसांनी भेटून एकमेकींची खबरबात घेतली तर 'वी वेअर कॅचिंग अप'. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशी 'काय गरम होतंय ना' एवढंच बोललीस तर ते 'स्मॉल टॉक'. ते आपल्याला जमत नाही, आपण तिसऱ्या मिनिटाला 'गाव कुठलं तुमचं, आडनाव काय' विचारतोच, असो.

मग माणूस मधे आला की पुढची पायरी. 'गॉसिप' म्हणजे त्याच्याबद्दल बोलणं, त्यात वाईटच असेल असं नाही, तिचं लग्न ठरलंय हेही गॉसिपच. ब्रिटनमध्ये याला लाडाने 'गॉस' म्हणतात, 'एनी गॉस?' म्हणजे 'काय विशेष खबर?' त्याच्या खाली 'डिश द डर्ट', म्हणजे मुद्दाम वाईटसाईट, मळकं ते वाढून देणं, आपल्या उखाळ्यापाखाळ्या. तिथून खाली 'बॅडमाउथ', इथे नुसती बदनामी, मजा संपली. ब्रिटिश लोक याच अर्थाने 'स्लॅग ऑफ' म्हणतात, पण आयर्लंडमध्ये 'स्लॅगिंग' म्हणजे तोंडावर केलेली दोस्तीतली चेष्टा, त्यामुळे आयरिश मित्र म्हणाला की आम्ही तुला स्लॅग करत होतो तर रडायचं नाही, त्याने तुला आपल्यात घेतलंय. 'ट्रॅश टॉक'चंही तेच, ते पाठीमागे नसतं, मैदानात समोरासमोर असतं, बॅट्समनला डिवचायला. आणि आपल्याकडची मुलं सर्रास 'बिचिंग' म्हणतात ना, तो शब्द तिकडे मैत्रिणींत चालतो, पण मुळात शिवीतून आलाय, तेव्हा क्लासमध्ये, ऑफिसमध्ये, मोठ्या माणसांपुढे नको. 'बॅकबायटिंग' आपल्या शाळेच्या निबंधांमुळे पाठ असतं, पण रोजच्या बोलण्यात ते पुस्तकी वाटतं. लोक साधं म्हणतात, 'शी वॉज टॉकिंग बिहाइंड माय बॅक.'

आता तुझ्या सरांना सांगायला एक माहिती देते. 'गॉसिप' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'गॉडसिब' होता. सिब म्हणजे नातलग, आजच्या 'सिबलिंग'मधलाच तो सिब. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचा जो धर्मपिता किंवा जी धर्ममाता होते तो गॉडसिब, देवाच्या साक्षीने झालेला नातलग. मग अर्थ सरकत सरकत जवळच्या मैत्रिणीवर आला, त्यातही बाळंतपणाला मदतीला जमणाऱ्या बायकांवर. आता विचार कर, बाळंतिणीची खोली, दार लावलेलं, पुरुष बाहेर, रात्रभर जागायचं, आणि आत पाचसहा बायका. काय बोलणं होत असेल? बाहेर येरझारा घालणाऱ्या पुरुषांना ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांनी ठरवून टाकलं की आत आपल्याचबद्दल चाललंय, आणि बहुतेक ते खरंही असणार. माणसाचं नाव होतं ते पुढे त्या माणसाच्या बोलण्याचं नाव झालं, आणि देवाचं नातं चहाडीवर आलं. म्हणजे तू वर्गात जे बोललीस ते काही शतकांपूर्वी अगदी सभ्य इंग्रजी ठरलं असतं, फक्त तुला जरा उशीर झाला.

निफाडहून एक द्राक्ष बागायतदार: मुलगा कंपनीत आहे. त्याच्या साहेबाचा मेल त्याने मला दाखवला, त्यात लिहिलं होतं 'आय हर्ड थ्रू द ग्रेपवाइन' की तू नोकरी सोडतोयस. मुलाने आपल्या बागेबद्दल ऑफिसात सांगितलंय का असं मला वाटलं. द्राक्षाच्या वेलीतून काय ऐकू येतं?

काका, तुमच्या वेलीचा काही दोष नाही. 'थ्रू द ग्रेपवाइन' ऐकलं म्हणजे कानोकानी आलं, अधिकृत कुणी सांगितलं नाही. तुमच्या मुलाने कुणा एका सहकाऱ्याला विश्वासाने सांगितलं असणार आणि ते साहेबापर्यंत वेलीसारखं सरपटत गेलं.

याची गोष्ट तारायंत्राची आहे. सॅम्युअल मोर्सने २४ मे १८४४ ला वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकाभर खांब नि तारा उभ्या राहिल्या. बातमी यायचा तो अधिकृत, सरळ, ताठ रस्ता. मग ज्या बातम्या तारेने न येता तोंडातोंडी यायच्या त्यांना लोक चेष्टेने म्हणायला लागले, ही आली 'ग्रेपवाइन टेलिग्राफ'ने, म्हणजे वाकड्यातिकड्या वेलीच्या तारायंत्राने. १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात तर छावण्यांमधून हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, बहुतेकदा 'अफवा' याच अर्थाने.

पण त्याच वेलीची दुसरी बाजू मला जास्त मोठी वाटते. बुकर टी. वॉशिंग्टन हे पुढे मोठे शिक्षणतज्ज्ञ झाले, त्यांचा जन्म गुलामगिरीतला. त्यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की त्यांच्या मळ्यापासून पोस्ट तीनेक मैलांवर होतं, टपाल आठवड्यातून एकदोनदा यायचं, ते आणायला एखाद्या गुलामाला पाठवायचे, आणि तो पत्रं घेऊन लगेच निघायचा नाही, तिथेच रेंगाळायचा, कारण पत्रं घेतल्यावर जमलेले गोरे लोक युद्धाच्या गोष्टी बोलत बसायचे. तो ते ऐकून परत यायचा आणि मालकाच्या वाड्यात बातमी कळायच्या आत ती गुलामांच्या खोपटांत पोचलेली असायची. वाचता येत नव्हतं, वर्तमानपत्र हातात येत नव्हतं, आणि तरी लढाई कुठवर आलीये हे त्यांना ठाऊक होतं. याला गॉसिप म्हणायचं का? मला नाही म्हणवत. पण शब्द तोच, ग्रेपवाइन.

तेव्हा मुलाला सांगा की साहेबाचं वाक्य रागाचं नाही, सौम्य आहे. 'मला कळलंय, आता तूच सांग' एवढाच त्याचा सूर आहे. आणि यंदा फळ कसं आहे ते कळवा.

मेलबर्नहून एक वाचक: इकडे ऑफिसात कुणीतरी म्हणालं की पगारवाढीची बातमी 'फर्फी' आहे. गूगलवर शोधलं तर पाण्याच्या टाकीचे फोटो यायला लागले. मी काहीतरी भलतंच टाइप केलं का?

नाही हो, टाकी बरोबर आहे! व्हिक्टोरिया राज्यात शेपर्टन नावाचं गाव आहे, तिथे जॉन फर्फी नावाचे लोहारकाम करणारे गृहस्थ होते, ते पाण्याच्या गाड्या बनवायचे, आडवं पिंप, दोन चाकं, पुढे घोडा, आणि पिंपावर मोठ्या अक्षरात 'फर्फी'. पहिल्या महायुद्धात मेलबर्नजवळ ब्रॉडमेडोजला सैनिकांची छावणी होती, तिथे पाणी या गाड्यांनी यायचं. गाडी आली की सैनिक भोवती जमायचे, आणि गाडीवाला एका तळावरून दुसऱ्या तळावर फिरणारा असल्यामुळे बातम्या त्याच्याकडे, खऱ्या कमी नि खोट्या जास्त. आपल्याला कुठे पाठवणार, कधी पाठवणार, सगळं त्याला माहीत! तेव्हापासून फर्फी म्हणजे बिनबुडाची बातमी, आपली वावडी किंवा कंडी. म्हणजे पगारवाढीच्या पैशांचा हिशेब तूर्त मांडू नका.

यातली अजून एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या जॉन फर्फींचा भाऊ जोसेफ फर्फी कादंबरीकार होता आणि तो 'टॉम कॉलिन्स' या टोपणनावाने लिहायचा. त्या काळी तिकडे 'टॉम कॉलिन्स' म्हणजे कुणी न पाहिलेला, सगळ्या अफवा ज्याच्या नावावर खपवायच्या असा माणूस. म्हणजे धाकट्याने अफवेचं नाव उचलून स्वतःला लावलं, आणि त्याचं खरं आडनाव पुढे थोरल्याच्या टाकीवरून अफवेचं नाव झालं. एका घरात दोनदा.

आणि बघा ना, पाणी कसं पाठ सोडत नाही. जहाजावर खलाशांना प्यायचं पाणी एका पिंपात ठेवलेलं असायचं, पिंपाला 'बट' म्हणतात, त्याला भोक पाडलेलं म्हणून 'स्कटल', त्याचं झालं 'स्कटलबट'. तिथे पाणी प्यायला आलेले खलाशी चार शब्द बोलायचे, म्हणून आज अमेरिकेत 'स्कटलबट' म्हणजे उडत आलेली खबर, 'व्हॉट्स द स्कटलबट?' असं वयस्क लोक अजून विचारतात. मग ऑफिसं आली, तिथे पाण्याचं मशीन आलं, आणि 'वॉटरकूलर टॉक' आलं. आपल्याकडे पाणवठ्यावर, विहिरीवर, चाळीच्या नळावर हेच चालायचं की! आमच्या लहानपणी नळाला पाणी सकाळी साडेपाचला यायचं, आणि सहापर्यंत अख्ख्या चाळीला कळलेलं असायचं की रात्री कुणाकडे भांडण झालं, त्यासाठी स्कटलबटची गरज नव्हती, हंडे पुरायचे. भरायला वेळ लागतो, रांग असते, हात रिकामे नि तोंडही रिकामं, त्यामुळे जहाज असो की चाळ, व्हायचं तेच होतं.

कणकवलीहून एक वाचक: ताई, आमच्या गजालींना, म्हणजे मालवणी गप्पांना, इंग्रजीत काय म्हणायचं? भाचा कॅनडाहून आलाय, त्याला समजावून सांगताना 'गॉसिप' म्हटलं तर आमच्या भावानेच हरकत घेतली.

भावाची हरकत रास्त आहे. गजाली म्हणजे गॉसिप नव्हे. गजालीत गॉसिप असतं, जसं आमटीत मीठ असतं, पण मीठ म्हणजे आमटी नाही. जवळात जवळ जाणारे ब्रिटिश शब्द 'नॅटर' आणि 'चिनवॅग'. चिनवॅग म्हणजे हनुवटी हलवणं, किती नेमकं! दोन्ही शब्दांत घाई नाही, आणि चहा असतो, खरा. ऑस्ट्रेलियात म्हणतात 'हॅव अ यार्न', यार्न म्हणजे सूत, खलाशी दोर वळत बसायचे नि गोष्टी लांबवत न्यायचे त्याची आठवण देणारा शब्द, आणि लांबवणं हा गजालींचा प्राण आहे, हे तुम्हाला मी काय सांगू. अमेरिकेत 'शूट द ब्रीझ' किंवा 'च्यू द फॅट' म्हणतात, ते जास्त करून पुरुषांच्या तोंडी, आपलं चकाट्या पिटणं.

पण मला विचाराल तर सगळ्यात जवळचा शब्द आयर्लंडचा, 'क्रॅक'. तिथे 'व्हॉट्स द क्रॅक?' म्हणजे 'काय चाललंय, काय खबर', आणि 'द क्रॅक वॉज गुड' म्हणजे मैफल जमली, बोलणं, हसणं, थोडं गाणं, सगळं त्यात आलं. लिहिताना स्पेलिंग आयरिश पद्धतीचं असतं, उच्चार मात्र क्रॅक, त्यामुळे आयर्लंडबाहेर हा शब्द जपून वापरा, विमानतळावर तर अजिबात नको, कारण त्याच उच्चाराचं एक ड्रगही आहे. भाच्याला सरळ गजालीच म्हणायला शिकवा. एक दिवस खळ्यात बसवा, भाषांतर लागणारच नाही.

ठाण्याहून एकजण घाईत: शेड, यॅपिंग, रिसीट्स. तीनही सांगा. आणि बॉसला मेलमध्ये चालतील का?

'थ्रो शेड' म्हणजे शालजोडीतला मारणं, नाव न घेता, हसत हसत. हाही न्यू यॉर्कच्या ड्रॅग बॉलमधून, म्हणजे ड्रॅग कलाकारांच्या चढाओढीच्या जलशांतून आलेला, चहाचाच भाऊ. 'यॅपिंग' म्हणजे अखंड टकळी, मूळ अर्थ छोट्या कुत्र्याचं भुंकणं. स्वतःबद्दल 'आय वॉज यॅपिंग' म्हटलं तर गोड वाटतं, दुसऱ्याला म्हटलंत तर भांडण. 'रिसीट्स' म्हणजे पुरावा, स्क्रीनशॉट. आपण म्हणतो ना, दाखव बरं, तसं.

बॉसला? नको. एक तर यातले बरेच शब्द दोनचार वर्षांत शिळे होतात, आणि शिळा चहा कुणाला आवडत नाही. शिवाय 'टी' आणि 'शेड' ज्यांच्या घरचे आहेत त्यांच्या तोंडी ते जसे बसतात तसे आपल्या तोंडी बसायला वेळ लागतो. ऐकले की कळले पाहिजेत, एवढ्यासाठी शिका. वापरायची एवढी घाई काय आहे? परवा माझ्या भाचीच्या मैत्रिणींत मी 'स्पिल द टी' म्हणाले, तर एकदम शांतता पसरली आणि एकजण म्हणाली, 'आंटी, हो, चहा ठेवते.'

इंग्लंडहून एक वाचक, नाव-गाव छापू नका म्हणतात: ताई, शेजारच्या आजी फार प्रेमळ आहेत. परवा कुंपणापाशी बोलताना त्यांनी सांगितलं की समोरच्या घरातलं जोडपं वेगळं होतंय, आणि शेवटी म्हणाल्या, 'मम्स द वर्ड.' मला वाटलं आईला सांगू नकोस म्हणतायत, म्हणून मी खरंच आईला सांगितलं नाही, बाकी दोघीतिघींना सांगितलं. मग म्हणाल्या या गल्लीत 'नोझी पार्कर' फार आहेत, आणि एक नवीन 'कर्टन ट्विचर' पण आलीये. पार्कर नावाचं इथे कुणीच राहत नाही. आणि सध्या सासूबाई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या दिवसभर खिडकीत बसतात. तर त्या बोलण्याचा अर्थ काय?

अरे देवा. एकेक घेऊ.

'मम्स द वर्ड'मध्ये आई नाही. ओठ मिटून 'म्' केलं की जो आवाज येतो तो हा मम. म्हणजे 'तोंडाला कुलूप', 'कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस'. शेक्सपियरच्या नाटकातही ओठ बंद करून मम राहण्याची गोष्ट येते, इतका जुना आहे. इंग्लंडात आईला मम म्हणतात हा निव्वळ योगायोग, पण त्यात तुमच्यासारख्या बऱ्याच जणी अडकतात. तुम्ही नेमकं उलटं केलंत, जिला सांगून काही बिघडलं नसतं त्या सांगलीतल्या किंवा साताऱ्यातल्या आईला सोडून गल्लीत वाटलंत. आता त्या दोघीतिघींना गाठून 'कीप इट अंडर युअर हॅट' म्हणा, म्हणजे टोपीखाली ठेवा, आपल्यातच राहू द्या. उशीर झालाय बहुतेक, पण म्हणा.

'नोझी पार्कर' म्हणजे भोचक. नाक खुपसणारा तो नोझी, हे कळतं, पार्कर कोण ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. सोळाव्या शतकातल्या मॅथ्यू पार्कर नावाच्या आर्चबिशपची गोष्ट लोक रंगवून सांगतात, त्यांना म्हणे चौकश्या फार होत्या, पण हा शब्द छापलेला सापडतो तो १८९० च्या एका मासिकात, म्हणजे बिशप जाऊन तीनशेहून जास्त वर्षं झाल्यावर. इतकी वर्षं गप्प बसलेली चहाडी मी तरी कुठे ऐकली नाही. आजींनी ती गोष्ट सांगितली तर माना डोलवा, वाद घालू नका.

आणि 'कर्टन ट्विचर' म्हणजे पडद्याची कड दोन बोटांनी बाजूला करून रस्त्यावर कोण आलं कोण गेलं ते बघणारी व्यक्ती. आता तुम्हीच सांगितलंत की खिडकीत कोण बसतं. मला वाटतं आजींनी तुम्हाला ब्रिटिश पद्धतीने, नाव न घेता, सांगून टाकलंय. सासूबाईंना एवढ्यात काही बोलू नका, त्यांना जाळीचा पडदा आणून द्या, त्यातून आतलं दिसत नाही आणि बाहेरचं स्वच्छ दिसतं, त्या देशात तो उगाच एवढा खपत नाही.

तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंय की आजी मधेच 'वेअर युअर इयर्स बर्निंग?' का म्हणाल्या. आपल्याकडे कुणी आठवण काढली की उचकी लागते, तिकडे कुणी मागे बोललं की कान गरम होतात. पहिल्या शतकातल्या रोमच्या प्लिनीनेही लिहून ठेवलंय की माणूस समोर नसताना त्याच्याबद्दल बोललं की त्याच्या कानात आवाज होतो. म्हणजे तुम्ही यायच्या आधी कुंपणापाशी तुमचाच विषय चालला होता, आणि हे आजी स्वतःहून सांगतायत त्या अर्थी चांगलंच बोलत असणार.

नाव-गाव छापलेलं नाही. सासूबाई हा अंक तिकडे मागवून वाचतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून साताऱ्याच्या आधी सांगली मुद्दाम घातलीये.